बाद माल

पोपट आहिरे पहिल्यांदा आला तेव्हा
टेप काढण्याआधी बादली मागितली.
नळाखाली भरली
आणि फाटकाशी उभं राहून ओतली, सगळी,
माझ्या चपलांच्या दिशेनं.
"पाणी कुठं जातं ते बघू आधी, कुलथे काका.
गाडी काय, कुठंही उभी राहते."

त्याआधी दोघे येऊन गेले होते.
एकानं मोबाईलवर दुबईतलं अंगण दाखवलं.
दुसरा चौरस फुटाला बारा रुपये कमी म्हणाला
आणि खालची खडी बोलता बोलता गिळून टाकली.
आहिरेनं लाइटबिलाच्या पाठीवर लिहिलं:
माती नऊ इंच काढणे. मुरूम. खडी. रोलर दोनदा.
वर कच. मग साठ एमएमचा ब्लॉक.
"पैसे जास्त जातील ते न दिसणाऱ्याला," म्हणाला.

मला पटलं.
मी तेहतीस वर्षं नाशिकरोडच्या प्रेसमध्ये नोटा तपासल्या.
शाई केसभर सरकली तरी कागद बाजूला,
बाजूला म्हणजे कायमचा बाजूला:
मोजायचा, शेरा मारायचा, नष्ट.
घरी ही म्हणायची,
तुम्ही पोळीसुद्धा उजेडात धरून बघता.

तर विल्होळीकडून ट्रॅक्टर आला
करडे नि विटकरी ब्लॉक घेऊन,
आणि मी स्टूल टाकून बसलो.
कोपरा उडालेला, बाजूला.
पोटात भेग, बाजूला.
रंग खाल्लेला, बाजूला.
आहिरे हसला. "काका, याच्यावरून टायर जाणार,
यात तोंड थोडंच बघायचंय?"
मी म्हटलं, एक्केचाळीस.
त्यानं मुकाट्यानं बिलाच्या कागदावर
एक्केचाळीस लिहिले, वजा.

चार दिवस चाललं.
मंजुळा भोये नि तिचा दीर, पेठकडचे,
दोरीला दोरी लावून ओळ ओढत होते.
ती रबरी हातोडी मारायची ती कान देऊन,
पोकळ वाजला की ब्लॉक उचलायची,
चिमूटभर कच घालायची, पुन्हा ठोकायची.
मी तेहतीस वर्षांत इतकं नीट
कुणाला ऐकताना पाहिलं नव्हतं.

शेवटच्या संध्याकाळी हात धुता धुता म्हणाली,
"ते बाजूचे आम्ही नेऊ का?
दारात लय गारा होतो."

आता सांगतो, हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.
बाद झालेलं कुणी मागावं
अशी सोयच नव्हती आमच्याकडे.
मी म्हटलं, न्या.
मग म्हटलं, थांबा.
उरलेल्या ढिगाकडे गेलो, चष्मा पुसला,
आणि एकेक उचलून म्हणत गेलो:
हा बाद. हाही बाद.
हा तर बघा कसा.
चांगले होते सगळे. धारेला धार.
आहिरे पेन्सिल कानामागे ठेवून बघत होता.
एकोणीस झाल्यावर म्हणाला,
"बस काका, जीपचा टप बसेल."
आणि बिलातून वजा मात्र
एक्केचाळीसच ठेवले.

साठ ब्लॉक पेठ रोडनं गेले.
मी रात्री अंगणात येरझारा घालतो.
गाडी मुलाकडे, पुण्यात.
बादली ओततो कधीमधी, पाणी फाटकाकडे जातं,
चुकत नाही. चुकावं अशी इच्छाही नाही.

काल आहिरेचा फोन.
मला वाटलं, राहिलेल्या तीन हजारांचा.
"काका, मंजुळाबाईंनी ब्लॉक बसवले दारात.
झ्याक बसवलेत. पण ढाळ उलटा झाला हो,
सांडलेला हंडा थेट चुलीपर्यंत गेला.
दुसऱ्याच्या दारात जिचा एक दोरा चुकत नाही, ती!
उद्या जातोय नळी घेऊन, लेव्हल काढायला.
येता का?"

मी पहाटेच उठून बसलोय.
डबा भरलाय, चष्मा घेतलाय.
शेऱ्याची वही तेवढी
कपाटातून काढली
आणि परत ठेवली.
बादली घ्यावी का बरोबर, ते ठरत नाहीये.